विमानाच्या टाकीला चाकं लावली तेव्हा: जुन्या हॉट रॉडच्या वेगाचं गणित

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचं पी-३८ लाइटनिंग हे लढाऊ विमान लांबच्या मोहिमेवर निघालं की त्याच्या पंखांखाली जादा इंधनाच्या टाक्या टांगलेल्या असत. आतलं इंधन संपलं की वैमानिक टाकी सोडून द्यायचा. पुढे गोल, मागे निमुळती होत गेलेली, पातळ पत्र्याची. युद्ध संपलं तेव्हा अशा टाक्यांचा ढीग भंगारात आला. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या काही पोरांनी त्या विकत घेतल्या, आडव्या कापल्या, आत चासी, इंजिन आणि ड्रायव्हर बसवला, खाली चार चाकं लावली आणि थेट कोरड्या तळ्यात नेऊन पळवल्या. यातल्या एका गाडीने १९५२ मध्ये ताशी १९८ मैल, म्हणजे सुमारे ३१९ किलोमीटर वेग नोंदवला. इंजिन साध्या फोर्ड-मर्क्युरी गाडीतलं (मर्क्युरी हा फोर्ड कंपनीचाच ब्रँड), त्यातही झडपा बाजूला असलेलं, कागदावर मागासलेलं.

हे जमलं कसं, ते समजून घ्यायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. गुणाकार येत असला की पुरे.

आधी जागा. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला आणि पूर्वेला मोहावी वाळवंटात कोरडी तळी आहेत: म्यूरॉक, एल मिराज, रोझामंड, हार्पर. पावसाळी दिवसांत पाणी साचतं, मग आटतं आणि चिकणमातीचा मैलोन्‌मैल सपाट तळ उघडा पडतो. झाड नाही, वळण नाही, आडवा येणारा कुणी नाही. १९३० च्या दशकात तरुण पोरं शनिवारी रात्री शहरातून निघायची आणि रविवारी पहाटे, वारा उठायच्या आत, तिथे गाड्या पळवायची. सुरुवातीला सगळा गोंधळ होता. पाच-सात गाड्या एकाच वेळी सुटायच्या, पुढच्याच्या धुळीत मागच्याला काही दिसायचं नाही, माणसं मरायची. म्हणून १९३७ मध्ये अनेक क्लब एकत्र आले आणि सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन, म्हणजे एससीटीए, उभी राहिली. एका वेळी एक गाडी, वेळ घड्याळाच्या यंत्रावर, गाडीची आधी तपासणी. पुढे म्यूरॉक लष्कराने घेतलं, तिथे आज एडवर्ड्स हवाई तळ आहे. शर्यती एल मिराजला सरकल्या आणि आजही तिथे होतात.

एल मिराजचा ट्रॅक मात्र छोटा, जेमतेम १.३ मैलांचा. गाडी जोरात येते न येते तोवर संपतो. म्हणून १९४९ च्या ऑगस्टमध्ये ही मंडळी यूटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर गेली. एका प्रचंड प्राचीन सरोवराचा हा तळ. त्याच जागी १९३५ मध्ये सर माल्कम कॅम्बेल यांनी ब्लू बर्ड गाडीतून ताशी ३०१ मैल गाठले होते, पण त्यांच्याकडे रोल्स-रॉइसचं ३६.७ लिटरचं विमानी इंजिन होतं. हॉट रॉडवाल्यांकडे ३.९ लिटरचं मर्क्युरी होतं, तेही बहुतेक वेळा भंगारवाल्याकडून आणलेलं. बॉनव्हिलचा पहिला ‘स्पीड वीक’, म्हणजे वेगाच्या शर्यतींचा आठवडा, तो हाच. तेव्हापासून मीठ धड असेल त्या वर्षी ऑगस्टमध्ये तो भरतो.

आता हॉट रॉड म्हणजे नेमकं काय, ते. १९२० आणि ३० च्या दशकातली स्वस्त, बहुधा फोर्ड गाडी घ्यायची, मॉडेल टी, मॉडेल ए किंवा १९३२ ची प्रसिद्ध ‘ड्यूस’. तिचे मडगार्ड, पायपट्ट्या, बंपर, टप, पुढची काच सगळं उतरवायचं. बॉडी चासीवर ठेवलेली असते ती खाली उतरवून चासीच्या दोन्ही बाजूंनी लोंबती बसवायची, म्हणजे गाडी बुटकी होते. पुढचा एक्सल वाकवून खाली आणायचा. कूपे, म्हणजे पक्क्या छताची दोन दारांची गाडी, असेल तर छताचे खांब मधून कापून छप्परच काही इंच खाली घ्यायचं. आणि इंजिनाला हात घालायचा, तो तर असा घालायचा की कारखान्यातल्या इंजिनियरने ओळखू नये.

मला यातली सगळ्यात रंजक गोष्ट इंजिनच वाटते, कारण ते या कामासाठी अजिबात योग्य नव्हतं. १९३२ मध्ये फोर्डने सामान्य माणसाला परवडणाऱ्या गाडीत आठ सिलिंडरचं व्ही-८ दिलं: ३.६ लिटर, ६५ हॉर्सपॉवर. त्याला सगळे फ्लॅटहेड म्हणतात. आजच्या इंजिनात व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, हेडमध्ये, पिस्टनच्या डोक्यावर असतात. फ्लॅटहेडमध्ये ते खाली ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी, तोंड वर करून बसलेले. वरचं हेड म्हणजे जवळजवळ एक सपाट झाकण. बनवायला सोपं, दुरुस्तीला सोपं, स्वस्त. पण हवा-पेट्रोलचं मिश्रण आत येताना वर चढतं, आडवं वळतं, मग सिलिंडरमध्ये उतरतं. एवढ्या वळणांत इंजिनाचा श्वास कोंडतो.

त्याहून वाईट म्हणजे धुराची वाट. जळालेला गरम वायू ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या कप्प्यांमधून वाट काढत बाहेरच्या बाजूला येतो. म्हणजे जे पाणी इंजिन थंड करायला ठेवलंय त्यालाच एक्झॉस्ट तापवतो. त्यात एका बाजूच्या चार सिलिंडरना बाहेर पडायला तीनच तोंडं. मधल्या दोघांना एकच सामाईक. त्यामुळे मधला भाग कायम तापलेला. फ्लॅटहेडवाल्यांची बोलणी आजही पाणी उकळण्यापासून सुरू होतात.

तरी याच इंजिनातून त्यांनी ६५ ची २०० च्या पुढे हॉर्सपॉवर काढली. पद्धत ऐकली की आपल्याकडच्या जुन्या गॅरेजवाल्यालाही ओळखीची वाटेल. सिलिंडर रिबोअर करून व्यास वाढवला. १९४९ पासून मर्क्युरीत चार इंच स्ट्रोकचा क्रँक येऊ लागला, तो आणून बसवला. अशा दोन बाजूंनी वाढवत काहींनी इंजिन पाच लिटरच्या आसपास नेलं. एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन, तीन, चार स्ट्रॉमबर्ग ९७ लावले. एड विनफिल्ड किंवा एड इस्केंडेरियन यांच्याकडून घासून घेतलेला कॅमशाफ्ट घातला, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वर आणि जास्त वेळ उघडे राहतात. एडलब्रॉक किंवा ऑफेनहाउझरचं ॲल्युमिनियमचं हेड चढवलं, म्हणजे कॉम्प्रेशन, मिश्रण जळण्याआधी दाबलं जाण्याचं प्रमाण, वाढतं.

इथे एक पेच आहे आणि फ्लॅटहेडची खरी कारागिरी त्यातच दिसते. कॉम्प्रेशन वाढवायचं तर हेड आणि ब्लॉक यांच्यामधली जागा कमी करायची. पण त्याच जागेतून तर मिश्रण व्हॉल्व्हकडून सिलिंडरकडे जातं. जागा कमी केली की दाब वाढतो, पण श्वास आणखी कोंडतो. म्हणून मग ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग, व्हॉल्व्ह आणि सिलिंडर यांच्यामधला तेवढाच पट्टा, हातातल्या ग्राइंडरने उथळ खरवडून वाट करायची. जास्त खरवडलं तर मिळवलेलं कॉम्प्रेशन जातं, आणखी खोल गेलं तर ब्लॉकच्या भिंतीत भोक पडून पाण्याचा कप्पा उघडा पडतो आणि ब्लॉक भंगारात. किती खरवडायचं याचं उत्तर ज्याचं त्याचं, आणि त्यावरचे वाद सत्तर वर्षांत मिटलेले नाहीत.

इंधनातही शहाणपण होतं. पेट्रोलच्या जागी मिथेनॉल वापरलं की ते दुपटीहून जास्त लागतं, पण बाष्प होताना भरपूर उष्णता शोषून घेतं. सतत तापणाऱ्या इंजिनाला हे वरदानच. त्यामुळे नियमांतही साध्या पेट्रोलवर पळणाऱ्या गाड्या आणि ‘फ्युएल’वर पळणाऱ्या गाड्या असे दोन वेगळे गट आहेत.

आता मुख्य मुद्दा. इंजिनाची ताकद वाढवली, मग टाकीची काय गरज?

गाडी पळते तेव्हा समोरची हवा तिला मागे ढकलते. हा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट, विरोध चौपट. पण तो विरोध तोडत पुढे जायला लागणारी ताकद त्याहून एक पायरी पुढे, म्हणजे घनाने वाढते, कारण त्याच विरोधातून आपण दर सेकंदाला जास्त अंतर कापतो. समजा एका रोडस्टरला, म्हणजे बिनछपराच्या गाडीला, ताशी २०० किलोमीटर वेगाला हवा तोडायला १०० हॉर्सपॉवर लागते. तिलाच ३०० ला जायचं असेल तर साधारण ३३७ हॉर्सपॉवर लागेल. ४०० ला ८००. वेगाच्या प्रत्येक पुढच्या टप्प्यासाठी भाव असा चढत जातो, आणि फ्लॅटहेडच्या खिशात तेवढे पैसे नव्हते.

मग दुसरा रस्ता असा की विरोधच कमी करायचा. तो दोन गोष्टींवर ठरतो: समोरून गाडी किती मोठी दिसते आणि तिचा आकार हवेला किती त्रास देतो. १९३२ ची फोर्ड समोरून उभी भिंत आहे. मागून तर आणखी वाईट. बहुतेकांना वाटतं की गाडीचं नाक टोकदार हवं. ध्वनीच्या वेगापेक्षा बऱ्याच कमी वेगात नाक गोल असलं तरी चालतं, महत्त्वाची असते ती शेपूट. हवा गाडीच्या अंगाला चिकटून मागे येते आणि शेपूट एकदम तुटली तर तिथे भोवरे आणि कमी दाबाची पोकळी तयार होते. ती पोकळी गाडीला मागे खेचते. शेपूट हळूहळू निमुळती असेल तर हवा पुन्हा शांतपणे एकत्र येते. विमानाच्या टाकीचा आकार नेमका हाच होता, आणि तो ठरवायला युद्धकाळातल्या अमेरिकी विमान कंपन्यांनी केलेला खर्च या पोरांच्या खिशातून गेला नव्हता.

हे पहिल्यांदा ओळखलं बिल बर्क यांनी. युद्धात ते तटरक्षक दलात दक्षिण पॅसिफिकमध्ये होते आणि तिथे त्यांनी या टाक्या पाहिल्या होत्या. १९४६ मध्ये त्यांनी आधी छोटी, १६५ गॅलनची टाकी घेतली. इंजिन पुढे, माणूस मागे, अर्धा बाहेर. वेग ताशी १३१ मैलांच्या घरात गेला. त्यानंतर त्यांनी पी-३८ ची मोठी, ३१५ गॅलनची टाकी धरली. जवळजवळ १,२०० लिटर पोटाची ही टाकी एवढी ऐसपैस की ड्रायव्हर पुढे आणि इंजिन त्याच्या पाठीमागे असं सगळंच आत मावलं. टाकी मुळातच दोन अर्ध्या भागांची जोडलेली होती, ही आणखी एक सोय. वरचा अर्धा उचलला की आख्खं इंजिन हाताशी.

सुरुवातीला म्हटलेली ताशी १९८ मैलांची गाडी ॲलेक्स झिडियास यांची. हे बी-१७ बाँबर विमानावर फ्लाइट इंजिनियर होते. १९४६ मध्ये लष्करातून सुटले आणि लगेच बरबँकमध्ये त्यांनी सो-कॅल स्पीड शॉप नावाचं सुट्या भागांचं दुकान काढलं. दुकान छोटं, पण गाड्या अशा की नाव देशभर झालं. त्यांच्या टाकीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे १९५२ चं बॉनव्हिल. बॉडी एकच आणि इंजिनं तीन, तीन वेगवेगळ्या वर्गांसाठी. फोर्डचं सगळ्यात छोटं व्ही-८-६० लावलं तेव्हा ताशी १४५ मैल. मोठ्या मर्क्युरीवर १८१. त्याहून वाढवलेल्या मर्क्युरीवर १९८.

हा जवळजवळ प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. आकार तोच, मीठ तेच, बदललं फक्त इंजिन. १४५ वरून १९८ म्हणजे वेग साधारण ३७ टक्क्यांनी वाढला. घनाच्या नियमाने पाहिलं तर त्यासाठी ताकद अडीच पट लागली असणार. ताकद अडीच पट केली तरी वेग दीड पटही होत नाही. म्हणूनच आकाराला इतकं महत्त्व. ताकदीने मिळवलेला प्रत्येक मैल महाग पडतो, आकाराने मिळवलेला एकदाच कष्ट घेऊन कायमचा आपला होतो.

त्या टाकीचा नेमका वेग होता ताशी १९८.३४ मैल. त्या वेगाने एक मैल पार करायला १८.१५ सेकंद लागतात. ताशी २०० असेल तर बरोबर १८. म्हणजे दोनशेचा आकडा एका सेकंदाच्या सातव्या भागाएवढ्या फरकाने हुकला.

तरीही टाकी हा शेवटचा शब्द नव्हता. तिच्या आत बाकी सगळं झाकलेलं असलं तरी चारही चाकं बाहेर उघडी असतात. अशा गाडीला लेकस्टर म्हणतात. उघडं चाक फार वाईट असतं, आणि का ते गमतीशीर आहे. चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू क्षणभर स्थिर असतो, मधला भाग गाडीच्या वेगाने जातो आणि सर्वात वरचा भाग गाडीच्या दुप्पट वेगाने पुढे झेपावतो. गाडी ३०० ने जात असेल तर टायरचा माथा हवेत ६०० ने घुसत असतो. चाकंही बॉडीच्या आत झाकून घेतली की ती स्ट्रीमलायनर. झिडियास यांच्याच दुकानाने डीन बॅचलर यांच्या आराखड्यावर तशी गाडी केली होती आणि १९५० मध्ये बॉनव्हिलला ती मर्क्युरीच्या फ्लॅटहेडवर ताशी २०८ मैलांपलीकडे गेली. मग लेकस्टर कशाला करायची? कारण स्ट्रीमलायनरचा पत्रा ठोकून काढायला महिने लागतात आणि टाकी तयार मिळते.

काही छोट्या युक्त्या सांगायलाच हव्यात. रेडिएटरला हवा लागते, हवेला तोंड लागतं आणि तोंड म्हणजे विरोध. म्हणून अनेक गाड्यांत रेडिएटरच नसतो. आत पाण्याची टाकी ठेवतात, फेरी दोन-तीन मिनिटांची, तेवढ्यात पाणी उकळत नाही. चाकांच्या खळग्यांवर गुळगुळीत ॲल्युमिनियमची थाळी बसवतात. खालून इंजिन आणि गिअरबॉक्स उघडे असतात, तिथे सपाट पत्रा. पिअर्सन बंधूंच्या १९३४ च्या कूपेची गोष्ट तर नियम वाचायचा कसा याचा धडाच आहे. काचेची किमान उंची नियमात ठरवून दिलेली होती, पण ती किती कलती ठेवायची याबद्दल अवाक्षर नव्हतं. त्यांनी काच तेवढीच ठेवली, मात्र बरीच मागे कलती केली. छप्पर इतकं खाली आलं की गाडी पाहिल्यावर आत माणूस बसतो यावर विश्वास बसत नाही.

इथवर हवा. आता पाय.

इंजिनाने कितीही जोर लावला तरी तो जमिनीपर्यंत पोचवतात ती मागची दोन चाकं, आणि मीठ हे डांबर नव्हे. पृष्ठभाग टणक असतो पण किंचित ओलसर. टायर थंड राहतात हा फायदा, पकड बरीच कमी हा तोटा. श्रावणात शेवाळलेल्या फरशीवर घाईने चालायला गेलं की पाय जागच्या जागी सरकतो, तसं चाक फिरत राहतं आणि गाडी पुढे जात नाही. पकड मागच्या चाकांवरच्या वजनावर ठरते. म्हणून बॉनव्हिलला एक दृश्य दिसतं ते बाकी कुठल्याही शर्यतीत दिसणार नाही: लोक गाडीत शिशाच्या लाद्या भरत असतात. वजन वाढल्याने गाडी वेग हळू घेते हे खरं, पण पळायला मैलोन्‌मैल असताना घाई कुणाला आहे? इथे शेवटचा वेग मोजतात, तो किती सेकंदांत घेतला ते नाही. पाव मैलाच्या ड्रॅग शर्यतीत हेच शिसं घेऊन गेलात तर हसे होईल.

वजन कुठे ठेवायचं यालाही महत्त्व आहे. वाऱ्याचा आडवा झोत गाडीवर ज्या बिंदूपाशी एकवटतो तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर झोत गाडीला पुन्हा सरळ करतो. पुढे असेल तर तिला फिरवतो. इंजिन मागे असलेल्या टाकीत वजन मागे सरकतं, म्हणजे नेमका नको तो बिघाड. मग शिसं पुढे टाका किंवा शेपटीवर उभं पंख बसवा. पुढे टाकलं तर मागची पकड कमी. एक ओढलं की दुसरं उघडं पडतं, हे या खेळात सतत होतं.

टायरची वेगळीच भीती. पाऊण मीटर व्यासाचं चाक, वेग ताशी ३१९ किलोमीटर. हिशोब केला तर टायरच्या बाहेरच्या कडेवर गुरुत्वाच्या दोन हजार पटींहून जास्त ओढ येते. म्हणजे नक्षीतला दहा ग्रॅमचा रबराचा तुकडा सुटून जायला वीस किलोहून जास्त जोर लावत असतो. म्हणून या टायरवर रबर जाड नको, अगदी पातळ हवं. नव्या टायरची नक्षी मुद्दाम तासून टाकणारे लोक पाहिले की आधी वेडेपणा वाटतो, मग हे गणित आठवतं.

राहिला गिअर. इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद एका ठरावीक फेऱ्यांना मिळते. समजा मिनिटाला ५,५०० फेरे. मागच्या एक्सलचं गुणोत्तर २.५ असेल तर चाक २,२०० वेळा फिरेल. पाऊण मीटर व्यासाच्या टायरचा परीघ २.३६ मीटर, म्हणून कागदावर वेग ताशी ३११ किलोमीटर. गुणोत्तर २.७५ केलं तर २८३. आता हवा इतकी आडवी येत असेल की इंजिनाला २.५ वर ५,५०० फेरे गाठताच येत नाहीत, तर ते ५,००० वर घुटमळेल, ताकद तिथे कमी आणि वेग उलट घसरेल. आणि गुणोत्तर गरजेपेक्षा मोठं ठेवलं तर इंजिन फेरे संपवून किंचाळत राहील. म्हणून हॅलिब्रँडचं क्विक-चेंज एक्सल या लोकांना सोन्यासारखं: मागचं झाकण उघडायचं, दोन दातेरी चाकं काढून दुसरी जोडी घालायची, काही मिनिटांत गुणोत्तर बदललं.

आणि इथेच ट्रॅकवरची सगळ्यात उपयोगी चिठ्ठी कामाला येते. टॅकोमीटर सांगतो ५,५०० फेरे, म्हणजे ३११. टायमिंगच्या तंबूतून मिळालेल्या चिठ्ठीवर लिहिलंय २९०. उरलेले २१ गेले कुठे? मिठात. चाकं जवळजवळ सात टक्के घसरत होती. आता इंजिन वाढवून काही उपयोग नाही, शिसं वाढवा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळच्या थंडीत या. अनुभवी माणूस त्या चिठ्ठीकडे एक नजर टाकून सांगतो की दोष हवेचा, इंजिनाचा की पायाचा.

उंचीचा प्रश्न लोक हमखास विचारतात. बॉनव्हिल समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० फूट उंच, तिथे हवा विरळ. मग विरोध कमी, वेग जास्त? विरोध कमी होतो हे खरं, पण इंजिनही त्याच विरळ हवेत श्वास घेतं. ब्लोअर, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, नसलेल्या फ्लॅटहेडची ताकद जवळपास त्याच प्रमाणात घटते. नफा-तोटा जवळजवळ बरोबर. ब्लोअर असेल तर पुली बदलून जास्त हवा कोंबता येते आणि मग विरळ हवा खरंच फायद्याची ठरते. समुद्रकाठच्या गावातून कार्ब्युरेटर नीट लावून आणलेली गाडी मात्र इथे आल्या आल्या काळा धूर सोडते. हवा कमी, पेट्रोल तेवढंच. पहिला दिवस कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी छिद्रं, बदलण्यात जातो.

विक्रम एका फेरीत होत नाही. आधीच्या विक्रमापेक्षा जास्त वेग काढून पात्र व्हायचं, मग गाडी वेगळ्या कुंपणात ठेवायची, पुन्हा पळवायची आणि दोन फेऱ्यांची सरासरी धरायची. एकदाच पाठीशी वारा मिळून लागलेला मटका यातून गाळला जातो. वर्ग तर इतके आहेत की नवख्याची मती गुंग होते: इंजिनाचा आकार, इंधन, ब्लोअर आहे की नाही, बॉडीचा प्रकार. पण त्यामागचा हेतू चांगला आहे. रोडस्टरवाल्याची स्पर्धा रोडस्टरशीच. बॉडी १९२३ ते १९३८ मधली अमेरिकी घडणीची हवी. जुन्या फोर्ड-मर्क्युरी फ्लॅटहेडसाठी एक्सएफ नावाचा स्वतंत्र वर्ग आहे, म्हणजे ते इंजिन घेऊन आज उतरणाऱ्याला आधुनिक शेव्हरोलेशी झगडावं लागत नाही. ताशी २०० मैलांपुढचा विक्रम केला की १९५३ मध्ये सुरू झालेल्या बॉनव्हिल २०० एमपीएच क्लबचं सदस्यत्व मिळतं आणि सोबत लाल टोपी. बाजारात विकत मिळत नाही, म्हणून तिची किंमत.

मिठाचीच प्रकृती आता नाजूक झाली आहे. हिवाळ्यात मैदानावर पाणी साचतं, उन्हाळ्यात ते आटतं आणि मिठाचा नवा थर बसतो. पण शेजारी अनेक दशकं पोटॅशसाठी खारं पाणी उपसलं गेलं आणि थर पूर्वीपेक्षा पातळ झाला. मीठ पाण्यात विरघळवून परत मैदानात सोडण्याचे प्रयोग झाले आहेत, ते पुरे पडतात का यावर वाद आहे. २०१४ मध्ये पाण्यामुळे आणि २०१५ मध्ये खराब पृष्ठभागामुळे स्पीड वीक लागोपाठ दोन वर्षं रद्द करावा लागला. गाडीवर वर्षभर राबलेल्या माणसाला पावसाचा निरोप आला की त्याच्याशी बोलू नये.

जुन्या गाड्यांचं आज काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सो-कॅलची टाकी दुरुस्त होऊन जपलेली आहे, पण १९५२ मध्ये होती तशीच्या तशी तिला आजच्या तपासणीत कुणी ट्रॅकवर सोडणार नाही. आज डोक्यावर आणि चहूबाजूंनी पोलादी पिंजरा, अनेक पट्ट्यांचा बेल्ट, हात बाहेर जाऊ नयेत म्हणून दोऱ्या, आगीचा पोशाख, आग विझवायची यंत्रणा, वेगवान गाड्यांना मागे पॅराशूट, हे सगळं लागतं. ते बसवायचं तर मूळ पत्रा कापावा लागतो आणि मूळ पत्रा कापला तर गाडीची ऐतिहासिक किंमत गेली. त्यामुळे अस्सल गाड्या बहुतेक संग्रहात बसल्या आहेत, आणि मिठावर पळतात त्या जुन्या धाटणीच्या पण नव्याने बांधलेल्या. काहींना ही फसवणूक वाटते. मला नाही वाटत. १९५२ ची टाकीही मुळात विमानाचीच होती. ब्लोअर लावलेल्या फ्लॅटहेडवर ‘फ्लॅटफायर’ नावाच्या स्ट्रीमलायनरने तर ताशी ३०० मैलांचाही टप्पा ओलांडला आहे. कॅम्बेल यांना ज्यासाठी ३६.७ लिटर लागले होते, तेवढा वेग फोर्डच्या बाजूला झडपा असलेल्या जुन्या इंजिनावर.